साळवेबाई आणि वॉल्ट्झची गिरकी

साळवेबाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं, सुनीतानं, फोनवर सांगितलं. "मावशी सकाळी चहा पिता पिता गेली," एवढंच ती बोलली. याला महिना उलटून गेला. आता कुठे लिहावंसं वाटतंय.

नाशिकरोडला मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी मराठी. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठं युद्ध संपल्यावर युरोपातले राजे व्हिएन्नाला तहासाठी जमले आणि नाचातच जास्त रमले, असं त्या वर्गात सांगत होत्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, राजे नाचायचे म्हणजे कसे?" दुसरी कुणी असती तर 'परीक्षेला नाही ते' म्हणून मोकळी झाली असती. बाई स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं शिकवतेय, पण ते नाचताना मला दिसतच नाहीत!"

त्याच रविवारी त्या मला देवळाली कॅम्पला घेऊन गेल्या. तिथं मिसेस परेरा नावाच्या वृद्ध गोवेकर बाई पियानो शिकवायच्या. त्यांनी वॉल्ट्झची, म्हणजे त्या राजांच्या नाचाची, रेकॉर्ड लावली, आम्हा दोघींना समोरासमोर उभं केलं. एक ठोका जोरात, दोन हलके. मी अडखळले, साळवेबाई अडखळल्या नाहीत. "वस्तीतल्या मिरवणुकीत लेझीम खेळलेले पाय आहेत हे," त्या हसून म्हणाल्या. पण नुसतं नाचून त्यांचं भागेना. हा नाच आला कुठून? मिसेस परेरांकडची जाडजूड पुस्तकं त्यांनी पालथी घातली आणि परतीच्या बसमध्ये मला सांगत राहिल्या. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या डोंगराळ भागात शेतकरी जोडीजोडीनं गिरक्या घेत, जाड बुटांनी जमीन दणाणून सोडत. तो नाच शहरात आला, गुळगुळीत लाकडी जमिनीवर उड्या जाऊन पाय सरकू लागले, वेग वाढला. दरबारी नाचात माणसं अंतर राखून असत. इथं जोडी एकमेकांना धरून फिरे, म्हणून अब्रूदारांनी त्याला निर्लज्ज ठरवलं. इंग्लंडात तर तो बिचकतच शिरला, आणि पुढं तिथंच त्याची संथ, डौलदार चाल घडली. "म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "राजे शेतकऱ्यांचा नाच नाचत होते!"

हे मुलींना दाखवायचंच, असं त्यांनी ठरवलं. स्नेहसंमेलनासाठी मुलीमुलींच्याच जोड्या बसवल्या. आदल्या दिवशी नाचातल्या मंदाचे वडील आले, चांदवडचे कांद्याचे व्यापारी.

"माझ्या पोरीनं असं चिकटून नाचायचं नाय."

"फुगडी चालते ना तिला?"

"फुगडीचं येगळं हाय."

"कसं वेगळं?"

बाईंनी ते खरंच जाणून घ्यायला विचारलं होतं. मंदाच्या वडिलांना तो अपमान वाटला. ते मंदाला घेऊनच गेले. मुख्याध्यापिका बाईंना म्हणाल्या, "करायचं तर करा. उद्या काही झालं तर मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मंदाची जोडीदार विंगेत रडत उभी होती. बाईंनी तिचे डोळे पुसले, पदर खोचला आणि तिचा हात धरून रंगमंचावर गेल्या. आधी खसखस पिकली. मग हळूहळू ती विरली... आणि गुलाबी काठाच्या त्या पांढऱ्या साडीकडे सगळं सभागृह बघत राहिलं.

पुढं उपमुख्याध्यापिकेची जागा बाईंना डावलून दुसऱ्या कुणाला दिली. कारण कुणी सांगितलं नाही. शाळेत पुन्हा वॉल्ट्झ झाला नाही. मी चिडले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "त्या नाचानंही पुष्कळ बोलणी खाल्लीयत."

परवा पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बौद्ध वंदनेला, त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत खाट, कपाट, खुर्च्या, सगळं भिंतींना टेकवलेलं. मधली शहाबादी फरशी मोकळी, वापरून गुळगुळीत झालेली. माणसं पांगल्यावर सुनीता म्हणाली, "इथं मावशीनं कधी टेबल ठेवू दिलं नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे?"

मी उठले आणि तिच्यापुढे हात केला. माझे गुडघे कुरकुरत होते, तिचा पाय दोनदा माझ्या पायावर पडला, पण ती थांबली नाही.

"हे कुठून शिकली मावशी?"

"फिरत राहा," मी म्हटलं, "सांगते."