कण्हेरीला लाड चालत नाहीत

आमच्या अण्णांनी कशाला तरी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासनीस होते. आलेल्या मालातला दोष हुडकायचा आणि तो नग बाजूला काढायचा, हेच त्यांचं काम. घरी आल्यावरही ती नजर उतरत नसे. आमटी, शेजाऱ्यांचा नवा रंग, रेडिओवरचं गाणं, सगळ्यात त्यांना काहीतरी कमी दिसे. चांगलं असेल तर ते गप्प बसत, आणि आईने त्या गप्प बसण्यालाच कौतुक मानायची सवय लावून घेतली होती.

ही नजर खरी कामी आली ती कण्हेरीच्या बाबतीत. कोथरूडला घर बांधलं तेव्हा आजूबाजूला मोकळं माळरान होतं. गुरं कण्हेरीला तोंड लावत नाहीत, म्हणून अण्णांनी कुंपणाला तीच लावली. पुढे वस्ती वाढली, घरोघरी कण्हेर आली आणि लोक आजारी पानं घेऊन आमच्या फाटकाशी उभे राहू लागले. कॉलनीत त्यांचं नाव ‘कण्हेरवाले अण्णा’ पडलं.

एकदा समोरच्या वहिनी मूठभर पिवळी पानं घेऊन आल्या.

“पाणी किती घालता?” अण्णांनी विचारलं.

“अहो, सकाळ-संध्याकाळ. न चुकता.”

“चुकत जा. कण्हेर आहे, म्हैस नव्हे. मुळं कुजायला लागलीत तिची. माती बोटभर आतपर्यंत वाळल्याशिवाय नळाला हात लावू नका.”

वहिनी हिरमुसून गेल्या, पण झाड वाचलं. पलीकडच्या गल्लीतले एक पेन्शनर रोज सकाळी ओल्या फडक्याने पानांवरची काजळी पुसत. अण्णांनी त्यांच्यासमोर एक पान उलटं केलं. मागे शिरेला तपकिरी खवले चिकटून बसले होते. “ही कीड रस पिते. तिचा चिकटा खालच्या पानावर पडतो, त्यावर काळं धरतं. तुम्ही रोज काळं पुसताय आणि चोर वर बसून जेवतोय.” मग साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून खवले कसे काढायचे, तेही त्यांनी करून दाखवलं.

सगळ्यात जास्त तक्रार असे ती फुलं येत नाहीत ही. त्यावर अण्णांचं भाषण ठरलेलं. “मुळाशी युरिया, रोज पाणी, वर आंब्याची सावली! माहेरपणाला आलीय का ती? कण्हेरीला लाड चालत नाहीत. उन्हात ठेवा, तहान लागू द्या, बहर सरला की निम्मी छाटा. फूल नव्या फुटीला येतं.”

हे सगळं खरं होतं. वाईट एवढंच, की आम्हा भावंडांनाही त्यांनी याच पद्धतीने वाढवलं. आई म्हणे, “अहो, पोराला कधीतरी शाबास म्हणा. जीभ झिजेल का?” अण्णा म्हणत, “शाबासकी म्हणजे युरिया. पानं माजतात, फूल येत नाही.” मी जात्याच निगरगट्ट, मला त्यांचं बोलणं लागत नसे. माझा मोठा भाऊ, दादा, तसा नव्हता. तो सतत त्यांच्या तोंडाकडे बघत असायचा.

दादा कॉलेजात असताना अण्णांना कामासाठी महिनाभर परगावी जावं लागलं. नेमकी तेव्हाच कुंपणाला दुखणी लागली. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, आणि काही फांद्यांवर गाठी. दादाने अण्णांचं बघून बघून शिकलेलं सगळं केलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढला. गाठी आलेली प्रत्येक फांदी वीतभर खालून कापली आणि दर वेळी कात्री स्पिरिटने पुसली. चीक विषारी, म्हणून हातात मोजे घातले. कापलेल्या फांद्या कामवाल्या बाईंनी बंबात घालायला मागितल्या, तर धूरही विषारी म्हणून त्या पुरून टाकल्या. अण्णा परत यायच्या सुमारास कुंपण असं फुललं होतं, की रस्त्याने जाणारे थांबून बघत.

अण्णा रिक्षातून उतरले. सामान खाली ठेवून कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. दादा फाटकात उभा होता. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. अण्णा परत आले आणि म्हणाले, “कोपऱ्यातल्या झाडावर एक गाठ राहिलीय.”

खरंच राहिली होती. दादाने ती कापली, कात्री पुसून जागेवर ठेवली आणि पुन्हा कधी झाडांना हात लावला नाही. नोकरी लागताच त्याने येरवड्याला खोली घेतली. दिवाळीला येई, फराळ करी आणि ‘निघतो’ म्हणे. मी एकदा अण्णांना सरळ विचारलं, “त्या दिवशी छान म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?” त्यांनी मलाच विचारलं, “छान होतं, ते त्याला दिसत नव्हतं का?” माणूस इतका हुशार आणि इतका ठोंब्या एकाच वेळी कसा असू शकतो, याचा मला आजही संताप येतो.

शेवटच्या दुखण्यात अण्णा हॉस्पिटलमध्ये होते. दादा ऑफिसातून तडक आला आणि पलंगाशी उभा राहिला. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. आता बोलतील, असं वाटून मी आईचा हात घट्ट धरला.

“गाडी कुठे लावलीस?” अण्णा म्हणाले. “खालून उचलून नेतात.”

“बघतो,” म्हणून दादा खाली गेला, तो वर आलाच नाही. अण्णा संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. “बोलावू का त्याला?” मी विचारलं. “नको,” ते म्हणाले. “कामं असतील.” दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पुढचं सगळं दादानेच केलं. तेराव्याची मंडळी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. केस पिकायला लागलेला माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला.

“त्या दिवशी मी खाली गेल्यावर माझ्याबद्दल काही म्हणाले का गं?”

एखादं गोड वाक्य रचून सांगता आलं असतं. पण खोटं कौतुक आमच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं. खरंही केलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.