व्हाळाचे गाऱ्हाणे

काकीच्या घरात पाणी शिरते ते तिच्या हातून देवाचे काही चुकले म्हणून, असे आमच्या गावात अजून बोलले जाते. तिचे काही चुकले नाही. चुकले ते माझे, म्हणून हे लिहितो आहे.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, माझ्याहून थोडीच मोठी. तिचे घर व्हाळाला लागून. व्हाळ म्हणजे डोंगरावरून येऊन खाडीला मिळणारा ओढा. नगरपंचायतीचा वीस वर्षांचा विकास आराखडा मंजूर झाला तेव्हा मी त्या वॉर्डाचा नगरसेवक होतो. पहिले काम खाडीकाठच्या रस्त्याचे. व्हाळावर आराखड्यात पूल दाखवला होता. बैठकीत नगरपंचायतीचे मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "पूल पुढच्या टप्प्यात. तोवर पाइप टाकून भराव करू." तेवढ्या पाइपांतून पावसाळ्यातला व्हाळ जाणार नाही, हे मला कळत होते. मी गप्प राहिलो. निवडणूक जवळ आली होती.

गाव म्हणाला, आधी देवाला विचारा. आमच्याकडे विहीर खणायची तरी कौल घेतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याआधी गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे काय करणार ते देवाला सगळे सांगायचे. तो मान आमच्या घराकडे. मी रस्ता सांगितला, कोणाची जमीन जाते ते सांगितले, तुटणारे माड सांगितले. प्रत्येक वाक्याला मागून गाव म्हणत होता, "व्हय म्हाराजा." व्हाळ बुजणार, हे वाक्य जिभेवर आले आणि मी ते गिळले. पाकळी उजवीकडची पडली. लोक खूश झाले.

रस्ता झाला त्याच पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला खाडी फुगली, वरून व्हाळ आला आणि पाणी भरावाला अडले. नव्या रस्त्यावर उभा राहून मी काकीच्या पडवीत, मग माजघरात पाणी चढताना पाहिले. ती पाय वर घेऊन खाटेवर बसली होती, मांडीवर कपड्यांची ट्रंक.

शेजारचा एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "देवान कौल दिल्यान, मगे हिच्याच घरात पाणी कित्याक? काय तरी चुकला असतला हिचा."

तिनेही तेच मानले. दर वर्षी देवाला कोंबडा देत राहिली. दर वर्षी पाणी येत राहिले.

यंदा पुढचा टप्पा निघाला. त्यात पूल नाहीच, उलट रस्ता आणखी उंच करायचा. म्हणजे पाणी खाटेच्याही वर जाणार. हरकती मागवल्या होत्या. मी काकीला म्हटले, हरकत घे.

"देव व्हय म्हणालो, आणि मी नाय म्हणू?" ती म्हणाली. "नगरसेवक होतस तेव्हा बरो पुढे पुढे करी होतस. आता हरकत खंयची काढलंस?"

ती पडवीत कोकमाची सोला निवडत होती. तिथेच मी तिला सगळे सांगितले. तिचा हात थांबला. ती मला देवासमोर नेऊन उभे करील, असे मला वाटले.

"म्हणजे देवाक कोणी सांगलाच नाय."

"नाय."

"आणि मी कोंबे देत रवलंय." तिने सूप बाजूला सारले.

"परत गाऱ्हाणा घालूया?" मी विचारले.

"नको. तू थंय परत काय तरी गिळशीत. कागद घेवन ये. हरकत माझ्या नावान लिही, आणि देवाक काय सांगूक नाय ता तुझ्या नावान."

मी लिहिले. प्रत्येक ओळ तिने मला मोठ्याने वाचायला लावली. दोनदा मी मध्येच थांबलो, तेव्हा तिने पाणी आणून दिले, पण पुढची ओळ सोडू दिली नाही.

सोमवारी सुनावणी आहे. सगळा गाव येणार. तो कागद मीच उभा राहून वाचायचा, असे तिने बजावले आहे. मी जाणार आहे. काकीने रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवले आहे की आधी मला घरातून उचलायचे, मग तिला.