कोंडीबाचा पहिला हिवाळा

वयाच्या साठाव्या वर्षी कोंडीबानं आपल्या गावचा हिवाळा पहिल्यांदा पाहिला, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण ते अगदी खरं होतं. कोंडीबा हाडाचा मेंढपाळ, गाव वडूजपासून तीन कोसांवरची हिंगणवाडी. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि त्याच्यासंगतीची माणसं, कोकणात उतरायला निघे, तो जेठाच्या तोंडाशी परत येई. त्यामुळं कोंडीबाला आपला गाव ठाऊक होता तो पावसाळ्यातला. बाकीचा गाव त्यानं नुसता कानांनी ऐकलेला.

पण चव्वेचाळीस सालच्या दिवाळीत गुडघ्यांनी दगा दिला. थोरला लेक जोतीराम खाली मान घालून म्हणाला, "आबा, औंदा तुमी ऱ्हावा. घाट न्हाई हुयाचा तुमास्नी." म्हातारा असा काही फुगून बसला की विचारू नका. वाडा निघाला तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला आणि पुढं तीन दिवस कुणाशी चकार शब्द बोलला नाही. बोलणार तरी कुणाशी? घरात एकटी तानुबाई, त्याची बायको.

तानुबाई लग्न झाल्यापासून हिवाळ्यात घरीच राहत होती. आधी आंधळी सासू होती म्हणून, ती गेल्यावर दोन एकर शाळू होता म्हणून, आणि मग तसा पायंडाच पडला म्हणून. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण दोघं एका छपराखाली राहिली ती पावसापुरती. आता ही बाई अंधारात उठून कुठं जाते, हे कोंडीबाला कळेना. रोज पहाटे ती घोंगडं घेऊन बाहेर पडे आणि ऊन अंगणात आलं की परते. पाचव्या दिवशी त्याला राहवेना. काठी टेकत टेकत तो तिच्या मागनं निघाला.

ती गेली गावच्या तलावावर. दुष्काळी कामातून बांधलेला तो जुना तलाव कोंडीबानं पावसाळ्यात भरलेला पाहिला होता, गढूळ आणि मुका. आज त्याच्यावर धुकं बसलं होतं आणि धुक्याच्या आतनं आवाज येत होते. कुणीतरी घोगऱ्या सुरात गप्पा मारतंय, कुणी शीळ घालतंय, कुणी पंख झाडतंय. बाजाराला जायच्या आधी घरात उठते तशी गडबड होती, आणि माणूस मात्र एकही नाही. मग धुकं जरा वर उचललं. पाणी दिसायच्या आधी पाखरंच दिसली. राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस काठाशी उभे होते. पलीकडं भगव्या अंगाची बदकं जोडीजोडीनं तरंगत होती. आणि उथळ पाण्यात काड्यांसारख्या लाल पायांची पाखरं आपल्याच सावलीत चोच घालत होती. आपण जागे आहोत का झोपेत, हे कोंडीबाला समजेना. जागेच असू तर हा आपला गाव नव्हे, असं त्याला वाटलं.

"बसा," तानुबाई मागं न बघता म्हणाली. "हालू नगासा."

तो बसला. गुडघे दुखत होते हेसुद्धा विसरला.

रविवारी आणखी नवल झालं. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या बसनं वडूजपर्यंत आणि तिथनं बैलगाडीनं तिघं जण आले: साताऱ्याचे लालासाहेब वकील, वाईच्या शाळेतले आठल्ये मास्तर, आणि पहिल्या लढाईतली दुर्बीण गळ्यात अडकवलेले पेन्शनर सुभेदार हंबीरराव. त्यांनी पक्ष्यांसाठी एक मंडळ काढलं होतं. गाव त्यांना 'पाखरवालं' म्हणून हसे. तिघांनी काठीवाल्या म्हाताऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ तानुबाईपुढं जाऊन उभे राहिले.

"काय तानुबाई, किती उतरले?" वकिलांनी विचारलं.

"हंस तीन विसा आन वर चार. काल सांजच्याला आनिक आठ आलं."

मास्तरांनी विसांचा हिशेब करून वहीत लिहून घेतलं. कोंडीबाचं तोंड उघडं ते उघडंच. तालुक्याचा कारकून ज्यांच्यापुढं उभा राहतो ते वकील आपल्या बायकोचं बोलणं कान देऊन ऐकतायत!

"हे आमचं मालक," तानुबाईनं ओळख करून दिली.

"म्हणजे आहेत तर!" सुभेदार मिशीत हसले. "आम्हाला वाटलं, तुम्ही नुसतंच सांगताय."

त्यांच्याकडूनच कोंडीबाला सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी मंडळानं चावडीवर गावाकडून कबूल करून घेतलं होतं, की तलावावर बंदूक चालू द्यायची नाही. गावानं माना डोलावल्या आणि गाव विसरून गेला. पाळला तो शब्द एकट्या तानुबाईनं. कुणा बड्याचे पाहुणे बंदुका घेऊन आले, तेव्हा ही बांधावर आडवी झाली. म्हणाली, "माज्या घरचं पाव्हनं हायती ह्ये. आदी मला मारा." ते शिव्या देत परत गेले. यातलं एक अक्षर तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं म्हणा.

मास्तरांना जुन्या गोष्टींचा भारी सोस. भगव्या बदकांकडं बोट करून ते म्हणाले, "हे चक्रवाक. यांची जोडी रात्री ताटातूट होते म्हणतात. एक या काठाला, एक त्या काठाला, आणि रात्रभर एकमेकांना हाका."

"कुनी सांगितलं?" तानुबाई म्हणाली. "रातभर एकाजागीच असत्यात. मी पडल्या पडल्या ऐकतीया की."

मास्तर हसले आणि तेही लिहून घेतलं. कोंडीबाला मात्र कुठंतरी बोचलं. खाली बघत तो काठीनं माती उकरत बसला.

हेवाही वाटला त्याला, खोटं कशाला सांगा. आपली बायको शहाणी आणि आपण अडाणी, हे पुरुषाला सहजी गिळवत नाही. पण एक दिवस मास्तर काठावरच्या बारक्या, ठिपक्याठिपक्यांच्या पाखरांकडं बघत म्हणाले, "समुद्रावर यांची मोठी जत्रा भरते म्हणे. आम्ही काही पाहिली नाही."

"मी बघितलीया," कोंडीबा बोलून गेला.

तिघांनी माना वळवल्या. मग कोंडीबा सांगू लागला. खाडीच्या तोंडाशी मेंढरं बसवल्यावर तो वाळूत पडून राही. लाट मागं गेली की मुठीएवढी पाखरं तिच्या मागं पळत, पुढं आली की उलटी पळत, आणि तरी पाय भिजू देत नसत. ओहोटीला चिखल उघडा पडला की हजारानं उतरत आणि एकदम वळत, तेव्हा सगळं आभाळ पांढरं व्हायचं, पुन्हा काळं व्हायचं. त्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती. पण इतकी वर्षं ती त्याच्यासंगं होती. तानुबाई टक लावून त्याच्याकडं बघत होती. समुद्र म्हणजे काय, हे तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून बांधावर एक घोंगडं कमी पडू लागलं, म्हणून दुसरं आलं. थंडीभर दोघं पहाटे जाऊन बसत. ती बोटानं दाखवी, तो बघे. शिमगा झाल्यावर एका पहाटे हंस उठले, तलावावरनं दोन फेऱ्या मारल्या आणि उत्तरेला गेले. म्हातारा ऊन वर येईपर्यंत ओसाड पाण्याकडं बघत बसला.

जेठात वाडा परत आला, आणि जोतीरामानं घोडं आणलं होतं. "आबा, तुमच्यासाटनं. आता गुडघ्याचं काय काम न्हाई. दिवाळी झाली की चला."

कोंडीबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळा पावसाळा तो त्या घोड्याच्याच पाठीमागं. मंडळाचा निरोप आला तेव्हा तर काही विचारूच नका. वकिलांनी कळवलं होतं, की कोंडीबा खाडीवर असतील तर माघात आम्ही तिघं तिकडं येतो, आम्हाला ती जत्रा दाखवा. त्याच पत्रात आणखी एक ओळ होती, की लढाई संपली, काडतुसं पुन्हा मिळू लागलीत, तेव्हा तानुबाईंनी जपून राहावं. पत्र गावच्या शाळामास्तरनं वाचून दाखवलं. कोंडीबानं पहिली गोष्ट मनात ठेवली आणि दुसरी कानाआड केली. तानुबाईनं त्याचं घोंगडं झटकून, फाटलं होतं तिथं टाके घालून ठेवलं.

दिवाळीनंतर वाडा निघाला. तानुबाईनं भाकरीचं गठुडं घोड्याला बांधलं, "जपून जावा" म्हणाली आणि घराच्या मागनं कुठंशी निघून गेली. दरसाल ती अशीच जाई. वाड्यानं निघताना मागं वळून बघू नये, असा रिवाज. कोंडीबानं तो उभ्या जन्मात मोडला नव्हता. मेंढरांची धूळ उडाली, कुत्री पुढं धावली, आणि घोड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला आपण पुन्हा पंचविशीतले झालो असं वाटलं.

अर्ध्या कोसावर डोक्यावरनं हाक आली. भगव्या बदकांची जोडी, वर्षातली पहिली, तलावाकडं निघाली होती. कोंडीबाची मान आपोआप त्यांच्यामागं वळली. पाखरं खाली उतरत गेली आणि त्यांच्याबरोबर त्याची नजर बांधावर जाऊन पोचली. बांधावर एक माणूस उभं होतं. बोटाएवढं दिसत होतं. कपाळाला हात लावून ते वाड्याकडं बघत होतं.

त्यानं लगाम ओढला.

"काय झालं, आबा?"

"मला उतरीव. घोड्यावर कोकरं बसव."

"आन मंडळास्नी कोन दाखीवनार खाडी?"

"तू दाव. डोळं हायती न्हवं तुला?"

उतरायला वेळ लागला, परत चालायला त्याहून लागला. धुळीआड उतरलेला तो गावाच्या बाजूनं वळसा घेऊन बांधावर चढला तेव्हा तानुबाई तशीच उभी होती, त्याच्याकडं पाठ करून. दूर खिंडीच्या तोंडाशी धुळीचा एक पट्टा उरला होता. ती पदरानं डोळे पुसत होती आणि पुन्हा पुन्हा त्या धुळीत घोडं शोधत होती.

"हितनं एवढं लांबचं दिसतंय व्हय गं?" कोंडीबानं विचारलं.

ती दचकली. वळून तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग हळूच म्हणाली, "दिसतंय की. पार खिंडीपतूर. त्याच्या म्होरं न्हाई दिसत."

"दरसाल येतीस?"

"मग? तुमी दिसंनासं झालात की घरला जायाला जीव व्हायचा न्हाई. हितंच बसून ऱ्हायची. तवाच पाखरं यायची."

चाळीस वर्षं आपल्या पाठीवर कुणाचे डोळे होते, हे कोंडीबाला आज कळलं, आणि म्हातारा हमसून हमसून रडला.

"येकदा तरी हाक मारायचीस गं."

"हाक मारून वाडा थांबतोय व्हय?" तानुबाई म्हणाली, आणि खांद्यावरचं घोंगडं अंथरून त्याला बसायला जागा करून दिली.