फॉल लावलेली साडी

माझ्या कौसल्यामावशीने उभ्या आयुष्यात एकच साडी स्वतःच्या पसंतीने घेतली. बाकीच्या सगळ्या तिच्याकडे चालत आल्या. कोणाच्या लग्नातली, कोणाच्या वास्तूतली, दिवाळीला भावाने दिलेली. आमच्याकडे आहेराची साडी नेसण्यापेक्षा फिरवण्यासाठीच असते. आज मला मिळाली, उद्या मी नणंदेला दिली, परवा तिने तिच्या जावेला. घडी मोडायची नाही, एवढंच पथ्य. मावशी त्यातल्याच दोन-चार ठेवून घ्यायची आणि वर्षानुवर्षं नेसायची. स्वतः निवडायची म्हणाल तर फक्त डाळीतले खडे.

तिच्या पायलचं लग्न ठरलं ते साल कापसाचं वाईट होतं. फुलसावंगीत ज्याच्या त्याच्या घरात कापूस रचलेला. आज भाव येईल, उद्या येईल, म्हणून ठेवलेला, आणि भाव काही येत नव्हता. मावशीची पुढची खोली पार वाशांपर्यंत भरली होती. सोयरे पाहायला आले तेव्हा त्यांना ओसरीतच बसवावं लागलं. जावई अतुल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. माणसं बरी होती, पण शहराच्या कडेची, त्यामुळे आमच्या घरच्यांना उगाच दडपण.

अशा सालात नवरीच्या आईने काय नेसावं, यावर अख्ख्या गावाचं मत होतं. विचारलं नव्हतं ते फक्त नवरीच्या आईला. जरा बरी साडी नेसली तर, "कापूस घरात सडून राह्यला अन् हिचा थाट पाहा." साधी नेसली तर, "पोरीच्या लग्नात तरी नीट राह्यची होती." जाऊ म्हणाली, पिवळी नेस. पायल म्हणाली, पिवळी फोटोत वाईट दिसते. मारोती मावसाजींनी तर विषयच संपवला.

"पेटीत ढीगभर हायेत ना? नवी कायले पाह्यजे?"

मावशी डाळ निवडत राहिली. मला मात्र इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी उठले. मांडवाच्या दिवशी घनश्याममामा साडी आणणार, ती मामीच्या पसंतीची. लग्नाच्या दिवसाची जी काय असेल ती या सगळ्यांच्या पसंतीची. मग बाईने स्वतःचं म्हणून काय करायचं?

तिने केलं. त्या हंगामात स्वतःच्या शेताची वेचणी उरकून ती दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची, त्या पैशातून. मला घेऊन ढाणकीला गेली. विहिणीसाठी आहेराची साडी घ्यायचीच होती, ती दुकानदाराने दाखवली तशी घेतली, किरमिजी, जरीची. मग मावशीने वरच्या फळीकडे बोट दाखवलं.

"ते काढ जरा, भाऊ."

तुरीच्या कोवळ्या शेंगेचा असतो तसा हिरवा रंग, आणि बारीक कुसुंबी काठ. दुसरी साडी उघडूच दिली नाही तिने. दुकानदार दुसऱ्या दहा साड्या सुचवत होता, ही आपली काठावरून हात फिरवतेय. मी तिला तेवढी खूश आधी कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन तिने त्या साडीला हाताने फॉल लावला. वरून टाका दिसू नये इतका बारीक. मी म्हटलं, "एवढी घाई काहून?"

"फॉल लावला का मंग ते आहेरात जात नाही," ती म्हणाली. "माही झाली ना आता."

आणि तसंच आहे. फॉल लावलेली साडी आमच्यात कोणी कोणाला देत नाही. दिली तर ती वापरलेली समजतात, आणि वापरलेली साडी मानाने देणं म्हणजे तोंडावर अपमान.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मावशी चुलीपाशी अडकलेली. आहेराची वेळ झाली तशी तिने मावसाजींना सांगितलं, "पेटीत इहीनबाईची साडी हाय, वरच्या पिशवीत." दोन्ही पिशव्या एकाच दुकानाच्या. मावसाजींनी शेला शोधता शोधता वरची पिशवी बाजूला ठेवली आणि हाताला लागली ती उचलून नेली. मावशी हात पुसत दाराशी आली, तेव्हा तिची हिरवी साडी मैनाबाईंच्या, म्हणजे विहिणीच्या, ओटीत पडली होती, वर नारळ आणि कुंकू. ओटीत घातलेलं परत मागायची सोय नाही. ती तशीच आत गेली आणि भाताखालचा जाळ कमी केला.

रात्री मावसाजी म्हणाले, "साडीच तं हाय. ते किरमिजी तू नेस."

एवढ्यावरच थांबलं असतं तर मावशीने तेही गिळलं असतं. पण आठवडाभराने सोयरीक जुळवणारे सदाशिवराव निरोप घेऊन आले. मैनाबाईंनी घडी उघडली, फॉल पाहिला, आणि त्या दिवसापासून त्यांनी तोंड फुगवलं होतं. पोराच्या आईला नेसलेली साडी देता? लग्न मोडत नाही म्हणाल्या, पण ही गोष्ट विसरणार नाही म्हणाल्या. पायल रडायला लागली. ज्या घरात जन्म काढायचा, तिथल्या सासूच्या मनात लग्नाआधीच अढी.

"दुकानदाराची चूक हाय असं सांगू," मावसाजींनी ठरवलं. "तू काही बोलू नको, कौसल्या."

चूक यांची, साडी हिची, आणि गप्प बसायचं तेही हिनेच. मी लग्नापर्यंत मावसाजींशी धड बोलले नाही.

लग्नाच्या दिवशी मावशी किरमिजी साडी नेसली. ती तिला शोभत नव्हती, ते तिलाही कळत होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि विहिणींच्या भेटीला मैनाबाई पुढे आल्या. हातात तीच हिरवी साडी. सगळ्या बायांसमोर त्यांनी ती मावशीच्या हातावर ठेवली.

"घ्या, इहीनबाई. आमच्या घरी नेसलेलं नेसत नाहीत."

मावसाजी "दुकानदार, दुकानदार" करत पुढे सरले. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"नेसलेली नाही जी ते," ती म्हणाली. "माही होती. आजच्यासाठी घेतलती. आजलोक मीनं माह्या पसंतीची एक साडी नाही घेतली, हे पहिली. कोणी आहेरात देऊ नये म्हून फॉल लावला. अन् तेच तुमच्या ओटीत गेली. माह्या पोरीवर राग नका धरू."

मैनाबाईंनी साडी परत आपल्या हातात घेतली. काठ उलटा करून टाके पाहिले, बोटाने चाचपले. मला वाटलं, आता त्या ती मावशीच्या खांद्यावर टाकतील. देवा, असंच होऊ दे, असं मी मनात म्हणतही होते.

"मले आजलोक फिरतीच साडी भेटली," मैनाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "कोणाच्या पसंतीची अशी पहिल्यांदाच भेटली. आता मी हे कोणालेच देत नाही."

आणि तिथल्या तिथे आत जाऊन त्या ती नेसून आल्या.

आता यावर काय बोलणार? राग धरू नका म्हणाली ना मावशी, धरला नाही त्यांनी. पायलला सासू जीव लावते, आजही. मावशी त्या दिवशी हसली, विहिणीला मिठी मारली. मी मात्र मांडवाच्या मागे जाऊन कपाळावर हात मारून घेतला.

लग्नाचा फोटो मावशीच्या घरी भिंतीवर आहे, कापूस निघाल्यावर मोकळ्या झालेल्या खोलीत. दोघी विहिणी शेजारी उभ्या. नवा माणूस आला की फोटोकडे पाहून हमखास म्हणतो, "इहीनबाईची साडी लय झकास हाय. पसंत कोणाची?"

मावसाजी तोंड उघडायच्या आत मावशी सांगते, "माही."