दुप्पट जाड पट्टी

गाडी दुरुस्तीला आली की माझा दादा आधी मालकाशी बोलत नाही. गाडीखाली आडवा होतो आणि हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत जातो. लोखंड धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर भद्द. मग खालूनच ओरडतो, "किती दगडांवर आपटली?" मालक म्हणतो, "एकाच." दादा म्हणतो, "गाडी तर तीन सांगतेय." यावरूनच लोक त्याला ठोक्या म्हणायला लागले. मी सख्खी बहीण आहे, पण खरं सांगते, नाव शोभतं त्याला.

आमचं वर्कशॉप डोंगराच्या पायथ्याशी आहे, डांबरी रस्ता संपतो तिथं. पुढं नुसते दगड. कड्यावरून दरी बघायला लोक जीपमधून वर जातात, आणि त्या जीपा मोडून आमच्याकडे येतात. पुढं सुट्या भागांच्या काउंटरवर मी, मागं वेल्डिंगला दादा. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे ज्या ब्रॅकेटला अडकवलेले असतात तो ब्रॅकेट चासीवरून उचकटणं, हे इथलं रोजचं दुखणं. तो जोडायचा, आणि पुन्हा फाटू नये म्हणून त्याच्याभोवती चासीवर लोखंडी पट्टी मारायची, हे दादाचं आयुष्यभराचं काम.

त्या पट्टीबाबत त्याचा एक नियम होता. इतक्यांदा ऐकलाय की मला झोपेत विचारलात तरी सांगेन. पट्टी चासीएवढीच जाड, जास्त नाही. टोकं निमुळती कापायची आणि टोकाला वेल्डिंग मारायचं नाही. "चासी दगडावर वाकते, वाकलीच पाहिजे," तो म्हणायचा. "जाड पट्टी वाकत नाही. मग पट्टी जिथं संपते तिथं सगळा मार बसतो आणि चासी तिथंच तुटते." कुणी म्हणालं, "जरा जाडजूड मारा की, टेन्शन नको," तर दादा त्याला हाकलून द्यायचा. "अति तिथं माती. आणि ती माती माझ्यावर नाही, तुझ्यावर पडेल."

एवढं कळणारा माणूस. म्हणून तर मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, जीप चालवते. सहा माणसं घेऊन वर, सहा माणसं घेऊन खाली. दादाला ते मुळीच पसंत नव्हतं, पण पोरगी हट्टात बापाच्या वरताण निघाली, तो काय करणार? एका दुपारी ती उतरून आली तेव्हा जीप मागून उजव्या अंगाला बसली होती. ब्रॅकेट चासीच्या तुकड्यासकट फाटला होता, आणि बाईसाहेबांनी तो दोरखंडानं बांधून गाडी खाली आणली होती. वर हसत होती. "आत्या, बघ, दोरीवर आणली!"

दादा गाडीखाली गेला. त्या दिवशी ठोकण्याचा आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं, तर तो नुसता पडून होता, हातोडी छातीवर धरून.

दोन दिवस त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. फाटलेली जागा भरली, नवा ब्रॅकेट बसवला आणि पट्टी मारली. ती पट्टी मी पाहिली. चासीच्या दुप्पट जाड, टोकं सरळ, चारी बाजूंनी वेल्डिंग.

"दादा, ही जाड नाही होत?"

"तू तुझे नटबोल्ट मोज, धाकटे."

"अरे, तूच सांगतोस ना सगळ्यांना..."

"माझी पोरगी बसते या गाडीत," तो म्हणाला, जणू हे ऐकून लोखंड स्वतःचा नियम बदलणार होतं.

मी गप्प बसले. तिथं माझंही चुकलंच. मग त्यानं वरून काळा रंग मारला. इतकं देखणं काम त्यानं उभ्या आयुष्यात केलं नसेल.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी बाहेरगावची एक जीप टो करून आणली. कुणा दुसऱ्यानं जोडलेली. चासी तुटून लोंबत होती, तीही पट्टीच्या कडेनं, सुरीनं कापावी तशी सरळ. मालकाचा हात गळ्यात बांधलेला होता. "पट्टीला मात्र काही झालं नाही बघा," तो म्हणाला. "मजबूत आहे."

दादा त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिला. दुप्पट जाड होती, टोकं सरळ होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी कुठंय?"

"वर. मघाशीच गेली."

त्यानं फोन लावला. वर रेंज नसते हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, तरी तो लावत राहिला.

मी माझा माल आणायचा पिकअप काढला. त्या वाटेवर तो पिकअप कधी गेला नव्हता, पण तेव्हा कोण विचार करतंय. दादानं रॉकेलची बाटली आणि खडूचा खोका मांडीवर घेतला होता. दर वळणावर मी दरीकडे बघायचं टाळत होते, आणि दादा फक्त तिकडेच बघत होता.

जीप वर उताराच्या तोंडाशी उभी होती. माणसं बसलेली, इंजिन चालू. तिथून खालचा पहिला टप्पा म्हणजे दगडांच्या पायऱ्याच. पिकअप थांबायच्या आत दादा उतरला आणि जीपसमोर आडवा उभा राहिला.

"सगळे उतरा."

"काय झालं हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"उतरा म्हणतो ना!"

त्यानं किल्ली काढून घेतली, चाकांना दगड लावले आणि गाडीखाली गेला. पट्टीच्या कडेचा रंग खरवडला, रॉकेल चोळलं, थोडं थांबला, फडक्यानं कोरडं पुसलं आणि खडूची पूड फासली. भाची शेजारी उकिडवी बसली. पांढऱ्या पुडीवर काही दिसेना. सुटलो, असं मला वाटलं. मग तड्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर यायला लागलं. पट्टीच्या टोकाला लागून एक ओली, काळी रेघ उमटली, चासीच्या खालच्या कडेपासून वर, चांगली चार बोटं. तिच्या वर दोन बोटं लोखंड शिल्लक होतं.

"तीन दिवसांपासून मागच्या बाजूला कटकट वाजतंय," भाची हळूच म्हणाली. "मी वाकून बघितलंही नाही. म्हटलं, बाबांनी जोडलंय, बघायचं काय त्यात."

दादा गाडीखालून बाहेर येईना.

ती मात्र ताडकन उठली. वाटेवर आणखी जीपा होत्या, आणि निम्म्या दादानंच जोडलेल्या. "बाबा, अशी पट्टी आणखी कुणाकुणाच्या गाडीला मारलीत? लवकर सांगा, एकेकाला गाठून थांबवते."



"कुणाच्याच नाही," दादा खालूनच म्हणाला. "फक्त तुझ्या."