फ्रिजजवळचा विरोधी पक्ष

दयाराम नंदेश्वरनं जन्मात निवडणूक लढवली नाही, कुठल्या पक्षाची पावती फाडली नाही, आणि तरी वर्षानुवर्षं तो एका मंत्र्याचा विरोधी पक्ष होता. हसू नका, खरंच होता. रायपूरच्या रेल्वे ऑफिसातला हा साधा बाबू. बाप भंडाऱ्याकडून नोकरीपायी इकडे आलेला. पण आवाज असा, की यानं फाइल मागितली की पलीकडच्या खोलीतला माणूस उठून उभा राहायचा. एकदा खासदार शिशिरबाबूंची माणसं रांग मोडून पुढे घुसली, तेव्हा यानं खुद्द खासदाराला सगळ्यांदेखत झापलं. दुसरा कोणी असता तर याची बदली करून मोकळा झाला असता. शिशिरबाबूंनी याला घरी चहाला बोलावलं.

पुढे शिशिरबाबू दिल्लीत परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री झाले. तरी संसदेत द्यायच्या उत्तरांची तालीम रायपुरातच व्हायची, तेलीबांध्याच्या घरी, दुपारची जेवणं आटोपल्यावर. ते सोफ्यावर बसायचे, म्हणजे सरकारी बाकावर. दयाराम समोर फ्रिजजवळ उभा, म्हणजे विरोधी पक्ष. शिशिरबाबू तोंडात लवंग टाकायचे, टेबलावर अंगठी टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, "पूछो, दयाराम." मग यानं सोडायचं नाही. सरहद्दीवरच्या चकमकीपासून धानाच्या खरेदीपर्यंत, परदेशी करारापासून सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुरापर्यंत वाट्टेल ते विचारायचं, मध्येच ओरडायचं, बाक समजून फ्रिज बडवायचा. फ्रिजच्या दाराला पोचे पडले होते, त्यावरून मंत्र्याची बायको करवादायची.

उत्तर मिळालं की लगेच पूरक प्रश्न, हा तिथला नियम. शिशिरबाबू म्हणायचे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर खातं लिहून देतं, माणूस कळतो तो पूरक प्रश्नाला. आणखी एक अट होती: खोलीतलं खोलीतच राहिलं पाहिजे. दयारामनं ती बायकोपाशीसुद्धा मोडली नाही. टीव्हीवर संसदेत तेच उत्तर ऐकू आलं की गडी नुसता मांडीवर थाप मारायचा.

दयारामच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन घरं सोडून, मीराबाई राहते. नवरा लवकर गेला, अंगणवाडीत स्वयंपाक करून तिनं एकुलता एक यशदीप वाढवला. पोरगा सिलतऱ्याच्या कारखान्यात वेल्डर होता, तिथून परदेशात गेला. जाताना दयारामच्या पाया पडून गेला होता. वर्षभरात त्या देशात लढाई पेटली, यशदीपसकट आपली काही माणसं एका नावेतून निघाली, आणि नाव कुठेच पोचली नाही.

त्या आठवड्यात तालीम झाली, तेव्हा दयारामनं प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि आपल्या मनचं विचारलं: त्या नावेतल्या माणसांचं काय झालं? शिशिरबाबूंनी चष्मा काढला. मग उभे राहून, खऱ्या सदनात द्यावं तसं सगळं उत्तर दिलं. फ्रिज बडवायला उचललेला दयारामचा हात तसाच खाली आला. शिशिरबाबू खाली बसत म्हणाले, सदनात कोणी विचारलं तर हेच सांगेन. पण आपण होऊन बोलायचं नाही असा वरून हुकूम आहे. आयुष्यात पहिल्यांदा दयारामला पूरक प्रश्न सुचला नाही.

आणि कोणी विचारलंच नाही हो! परराष्ट्र खात्याच्या प्रश्नांच्या दिवशी महागाईवरून सदनात असा गोंधळ झाला, की अध्यक्षांनी कामकाज गुंडाळलं. अधिवेशन संपलं. शिशिरबाबूंचं खातं गेलं, नवे मंत्री आले. यशदीप कागदावर बेपत्ताच राहिला. मीराबाईनं त्याचा फोटो कधी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला नाही, हार तर सोडाच. गेलेल्या माणसासाठी करतात त्या पुण्यानुमोदनाचं नाव काढलं की ती माणसाला उठवून लावायची.

दयाराम मूग गिळून बसला. आधी म्हणाला, खोलीतलं खोलीत. मग म्हणाला, सरकार कळवेलच की. मग इतके दिवस गेले, की आता कोणत्या तोंडानं सांगणार? भेकड म्हणा हवं तर. विरोधी पक्षाचा सगळा जोर फ्रिजपुरताच होता.

मागच्या थंडीत शिशिरबाबू वारले. त्यांच्या लेकीनं, ज्ञानदानं, वडिलांच्या संसदेतल्या भाषणांचा नि प्रश्नोत्तरांचा जाडजूड ग्रंथ छापला. एक प्रत दयारामला आणून दिली. देशातलं, परदेशातलं, सगळं होतं त्यात. हा बोट ठेवून वाचत गेला. फ्रिजजवळ विचारलेला एकेक प्रश्न तिथं सापडला, फक्त तो सोडून. विचारलाच नव्हता, तर छापणार कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला, आणि ताटाच्या काठावर टकटक झालं. बायको शर्मिष्ठा म्हणाली, आपला फ्रिज म्हातारा झालाय, तोच वाजतो. पण फ्रिजला लवंगेचा वास कसा येईल? मग रोजचंच झालं. ताट खाली घेतलं तर तांब्यावर टकटक. घर सोडून गोल बाजारात गेला, तर भांड्यांच्या गल्लीतून चालताना एकेका पातेल्यावर टकटक, जसं कोणी बरोबर चाललंय. मागोमाग कानाशी तो घोगरा आवाज: "पूछो, दयाराम." याच्या घशाखाली घास उतरेना, गाल बसले. एकदा घरात कोणी नसताना यानं हात जोडून, हळू आवाजात तो प्रश्न विचारूनही टाकला. उत्तर आलं नाही, टकटक थांबली नाही. ज्या बाईला उत्तर हवं होतं, ती तिथं कुठं होती?

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मीराबाईच आली. हातात पेढ्यांचा स्टीलचा डबा, चेहरा इतका खुललेला, की दयारामला बघवेना. एक एजंट भेटलाय, ती सांगत होती, यशदीप तिकडच्या जेलात आहे म्हणतो, घर विकलं की सोडवून आणतो. गिऱ्हाईक पक्कं झालंय, उद्या कागद करायचे. भाऊ, तुम्ही साक्षीला या.

अन् तेवढ्यात तिच्या हातातल्या डब्याच्या झाकणावर टकटक झालं. मीराबाईनं दचकून डब्याकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं.

दयाराम उठला. तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आपल्या फ्रिजजवळ नेऊन उभं केलं, आणि स्वतः समोर खुर्चीवर बसला. जन्मात कधी बसला नव्हता त्या बाजूला.

"मीराबाई, आता मले विचार. यशदीपचं काय झालं, ते विचार."

तिला वाटलं, या म्हाताऱ्याला वेड लागलं. पण त्याचे डोळे पाहून तिनं डबा छातीशी धरला. मग बारीक आवाजात तिनं विचारलं, "माह्या पोट्ट्याचं काय झालं, भाऊ?"

दयाराम उभा राहिला. तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो त्याचा आवाज नव्हता. शर्मिष्ठा दारात होती, ती आजही शपथेवर सांगते.

"माननीय अध्यक्ष महोदय, सरकारजवळ खात्रीची खबर आहे. ती नाव बुडाली. तिच्यातला एकही माणूस वाचला नाही. सदनाला हे सांगताना मला फार दुःख होतंय."

लवंगेचा वास एकदम दाटून आला आणि विरला. टकटक बंद झाली. इतक्या महिन्यांत घर असं निवांत कधी नव्हतं, आणि दयारामला वाटलं, सुटलो आपण एकदाचे.

मीराबाई रडली नाही. तिनं पेढ्यांचा डबा फ्रिजवर ठेवला, पदर नीट केला. म्हणाली, घर नाही विकत आता, त्या एजंटाले नाही म्हणते. सकाळी भंतेजीले बोलवा, फोटो मी काढून ठेवते. मग दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि वळली.

"हे तुमाले कवापासून माहीत होतं, भाऊ?"

दयारामनं कान टवकारून वाट पाहिली. अंगठी वाजली नाही, लवंगेचा वास आला नाही, कोणी काही सुचवलं नाही. या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती, आणि शिशिरबाबू आपलं उत्तर देऊन केव्हाच निघून गेले होते. मीराबाई दारात उभी राहून त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.