न विचारता मान मोडणारा

अर्धापूरच्या स्टँडमागं माझा न्हावी बसतो. हात हलका, वस्तरा कधी लागला न्हाई. दाढी झाली की न विचारता गिऱ्हाईकाची मान कडकन् मोडतो. रीतच हाय त्याची.

औंदा माझ्या मानेतली रक्ताची नळी अरुंद झाली. लकवा मारू नये म्हणून नांदेडला तिच्यात स्टेंट टाकली. डॉक्टरनं बजावलं, मानेला झटका नको, गुठळी सुटून मेंदूत जाईल.

तेच सांगाय दुकानात गेलो. खुर्चीत माझ्याच वयाचे भोकरचे एक म्हातारे होते. न्हाव्यानं त्यांचं डोकं धरलं, तसं मी त्याचं मनगट धरलं.

"सोड! लकवा मारंल त्यांला."

"काका, तीस साल मोडून राहिलो. कोण आलं तक्रार घेऊन?"

"लकवा झालेला बोलतो का रे, तक्रार कराय?"

म्हातारेच माझ्यावर खेकसले, "हात काढा हो! मान माझी हाय."

न्हाव्यानं माझ्याकडं बघत दोन्ही बाजूंनी मान मोडली. म्हातारे खुशीत निघाले. मी त्यांच्या मागं बाहेर आलो अन् त्यांचे पाय नीट पडतात का, ते बघत उभा राहिलो. वळून पाहिलं तर न्हावीबी दारात येऊन तिकडंच बघत होता. हसत मात्र नव्हता.